पडवीतली कचेरी

स्वतःच्या घरात बूट घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बूट पॉलिश केलेले, शर्ट इन केलेला, कमरेला पट्टा आणि खिशाला दोन पेनं. एक सरकारी, एक घरचं. शेजारच्या गोठ्यात म्हैस रवंथ करतेय, अंगणात कोंबड्या फिरतायत आणि हे महाशय पडवीत टेबल मांडून ताठ बसलेत. दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची वेळ आली तर सरकारी पेनाचं टोपण लावून घरचं पेन उघडायचे. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. आमच्या ऑफिसचे ते हेडक्लार्क, आणि मी त्यांच्या हाताखालची ज्युनिअर.

आमच्या खात्याचं नाव मी सांगणार नाही. पाण्याशी संबंध आहे, एवढं पुरे. पाटाची मोरी तुंबली, बांध फुटला, वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवलं, असले अर्ज आमच्याकडे येतात. कर्जतला आमचं जुनं ऑफिस होतं. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, आणि लॉकडाऊन उठल्यावर कुलूप उघडलं तर छताचा गिलावा साहेबांच्या खुर्चीत पडलेला. इमारत धोकादायक ठरली. नवी जागा मिळेपर्यंत घरूनच करा, असं साहेबांनी तोंडी सांगितलं आणि ते तोंडी सांगणं वर्षानुवर्षं चाललं. मी शेलूला राहते. किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, एक कान कुकरच्या शिट्टीकडे देऊन मी सरकारची सेवा केली. गाऊनवर केली, खोटं कशाला बोलू. भाऊसाहेबांनी मात्र कडावच्या पुढे त्यांच्या गावी, घराच्या पडवीत, अख्खी कचेरी थाटली.

रोज सकाळी साडेनऊला ते मागच्या दाराने घराबाहेर पडायचे. हातात जेवणाचा डबा. गोठ्याला वळसा घालून, आळवाच्या वाफ्याजवळून, कुंपणाच्या कडेने पुढच्या अंगणात यायचे आणि पावणेदहाच्या ठोक्याला पडवीत चढून हजेरीपटावर सही करायचे. पाऊस असला तर हे सगळं छत्री घेऊन, पँट दुमडून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो भाऊसाहेब, आतून दार आहे की! तीन पावलं नाहीत."

"बाई," ते म्हणाले, "माजघरातून येतो तो घरचा माणूस. कर्मचारी बाहेरून येतो."

मी मान डोलावली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

पडवीच्या खांबाला त्यांनी पाटी लावली होती, 'अभ्यागतांनी चपला काढू नयेत.' गावची माणसं, सारवलेल्या पडवीत चपला घालून कशी चढणार? पायरीशी आली की सवयीने काढायची. हे लगेच ओरडायचे, "घाला, घाला. सरकारी कचेरीत कोणी चपला काढतं का?" मग ती बिचारी चपला घालून, अंग चोरून, सारवणावर ठसे उमटवत पुढे यायची. संध्याकाळी भाऊसाहेब स्वतः ती पडवी पुन्हा सारवायचे. सव्वासहानंतर, अर्थात.

सव्वासहा म्हणजे लक्ष्मणरेषा. एकदा मी तिथे असताना ट्रॅक्टरवाला आला. नांगरट कधी करायची, विचारत होता. भाऊसाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "घरमालक सव्वासहानंतर भेटतील."

"अवो, पन घरमालक तुमीच ना?"

"आत्ता नाही."

ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. तो बिचारा अंगणात आंब्याखाली जाऊन बसला आणि सव्वासहा वाजल्यावर भाऊसाहेब पडवीतून खाली उतरले, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेले, लेंगा-बंडी चढवून पुढच्या दाराने बाहेर आले आणि म्हणाले, "अरे वा, कधी आलास?"

साहेब मोबाइलवर मीटिंग घ्यायचे तेव्हा तर धमाल. साहेबांचा चेहरा स्क्रीनवर आला की भाऊसाहेब उठून उभे राहायचे. मोबाइल टेबलावर. त्यामुळे अख्खी मीटिंग आम्हाला त्यांच्या पट्ट्याचं बक्कल दिसायचं. साहेब म्हणायचे, भाऊसाहेब बसा हो. बक्कल म्हणायचं, "असू द्या साहेब." आम्ही इकडे माइक बंद करून खिदळायचो.

हसायचो, पण एक सांगते. त्या सगळ्या वर्षांत आमच्या ऑफिसचं खरं काम त्या एका पडवीत होत होतं. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांतून माणसं खाली उतरून त्यांच्याकडे यायची. कर्जतला जायचं तर गाडीभाडं, आणि तिथे ऑफिसला कुलूप. इथे माणूस नेमका पावणेदहा ते सव्वासहा जागेवर. लिहिता येत नसेल तर अर्ज स्वतः लिहून द्यायचे, वाचून दाखवायचे, आणि मग आवक रजिस्टरात नोंद करून पोच द्यायचे. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची चिठ्ठी, वर क्रमांक, तारीख, शिक्का. "काम होईल न होईल, ते वरच्यांच्या हातात," ते म्हणायचे, "पण माणूस इथनं रिकाम्या हाताने जाता कामा नये. आणि दिलेला क्रमांक खोटा असता कामा नये." हे त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. मी कंटाळून जांभया द्यायचे.

दर शुक्रवारी मी कर्जतहून शेअरची मॅजिक गाडी पकडून त्यांच्याकडे जायची. त्यांचं आवक रजिस्टर बघून आठवड्याचे अर्ज कॉम्प्युटरवर चढवणं हे माझं काम. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता असं नाही. त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "खोडलेलं दिसत नाही त्यात," म्हणायचे.

अशाच एका शुक्रवारी मी बाकावरची ती बाई पाहिली. पडवीत भिंतीशी एक लांब बाक होता, येणाऱ्यांसाठी. त्याच्या टोकाला एक साठीच्या आतबाहेरची बाई बसलेली. धुतलेलं पातळ, कपाळाला मोठं कुंकू, हातात घडी घातलेला कागद. भाऊसाहेब म्हणाले, "पुढे या." ती उठली, टेबलापाशी आली, कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, रजिस्टरात नोंदला, पोच लिहिली, शिक्का मारला.

"चौकशी चालू आहे. सोमवारी या."

"व्हय साहेब. सोमवारी येते. पन जरा लवकर बघा."

"बघतो."

आणि ती घरी जायच्या ऐवजी परत बाकावर जाऊन बसली. पोच मांडीवर ठेवून, अगदी शांत. दुपारचा दीड झाला. भाऊसाहेबांनी 'भोजन अवकाश' अशी पाटी टेबलावर ठेवली, डबा उघडला आणि त्यातली अर्धी भाकरी अन् भाजी ताटलीत काढून त्या बाईच्या हातात दिली. मी बघतच राहिले. म्हणाले, "या आमच्या सौभाग्यवती."

अगं बाई! माझा घास हातातच राहिला.

विस्मरणाचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, उपाय सांगितला नव्हता. लॉकडाऊनच्या पहिल्या पावसाळ्यापासून वहिनी एकेक विसरत गेल्या. आधी चुलीवरचं दूध, मग म्हशीचं नाव, मग नवरा. ज्याच्याशी पस्तीस वर्षं संसार केला त्याला बघून किंचाळायच्या, हा कोन बाप्या घरात शिरलाय म्हणून. दिवसभर एकच घोष, मला माज्या घरी जायाचंय. घर म्हणजे माहेर. ते तिकडे खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या बाजूला. भाऊसाहेबांनी त्यांना किती वेळा धावत जाऊन रस्त्यावरून परत आणलं असेल, देव जाणे.

"मग एक दिवस," भाऊसाहेब सांगत होते, "मी इथे बसून शिक्के मारत होतो. ही तणतणत बाहेर आली, मी चालले म्हणाली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, अर्ज आणलाय का? तर थांबली हो. आत गेली, वहीचं पान फाडून, लिहून घेऊन आली. सातवी शिकलीये ती. मी पोच दिली. त्या दिवशी सहा तास गप बसली बाकावर. कचेरीत आलोय, नंबर लागेल, एवढं तिला कळतं. मी नवरा म्हणून तिला चालत नाही, बाई. साहेब म्हणून चालतो."

हे सांगताना ते भाजीतला कढीपत्ता बाजूला काढत होते. मी दुसरीकडे बघितलं. मागच्या दाराने बाहेर पडणं, ते बूट, त्या पाट्या, ज्यावर आम्ही वर्षभर हसलो होतो, ते सगळं सुरुवातीला त्यांचं वेडच असेल. पण आता त्या वेडावर एक बाई दिवसभर शांत बसत होती. त्यांनी एक दिवस जरी बूट न घालता, आतल्या दाराने येऊन बसायचं ठरवलं असतं तरी वहिनी किंचाळल्या असत्या. सव्वासहानंतर काय व्हायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर मी रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. त्या आठवड्यात रोज एक अर्ज. तेच नाव, तोच विषय, 'घरी जाण्यास परवानगी मिळणेबाबत.' खऱ्या आवक रजिस्टरात, खऱ्या क्रमांकाने.

"भाऊसाहेब, अहो हे काय? एखाद्या जुन्या वहीत नोंदा ना! त्यांना काय कळतंय?"

"तिला नाही कळत. मला कळतं. पोचेवर शिक्का सरकारचा आहे. क्रमांक खोटा देऊ?"

मी वैतागून ते अर्जही कॉम्प्युटरवर चढवले. दर शुक्रवारी पाच. पुढे पुढे मला त्याचं काहीच वाटेनासं झालं.

मग ऑर्डर आली. पहिल्या तारखेपासून घरून काम बंद. कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडची ऑफिसं एकत्र करून खालापूरला. चेहरा दाखवून हजेरी, तीही ऑफिसच्या आवारातच लागणार. आणि मंजूर पदं कमी. आम्ही तीन क्लार्क होतो, त्यातलं एकच पद राहणार. उरलेले दोघे अतिरिक्त. पंचावन्नच्या वरचा अतिरिक्त झाला तर त्याला सरळ घरी पाठवणार. भाऊसाहेब सत्तावन्नचे होते.

त्यांनी ती ऑर्डर दोनदा वाचली आणि फाइलला लावली. त्या शुक्रवारी मी त्यांच्याशी भांडले. अहो साहेबांशी बोला, सांगा घरची परिस्थिती. तर म्हणाले, "घरची परिस्थिती घरी. ऑफिसात कशी सांगू?" असा राग आला मला! म्हणून मीच साहेबांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. वहिनींचं, बाकाचं, सगळं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी विभागाचा तक्ता काढला. मग म्हणाले, "एक करता येईल. वाड्यांच्या सोयीसाठी अर्ज स्वीकृती केंद्र म्हणून भाऊसाहेबांचं पद तिथेच ठेवा, असा प्रस्ताव पाठवतो. पण त्यांचं काम स्वच्छ दिसलं पाहिजे. हे बघा, आख्ख्या विभागात सगळ्यात जास्त प्रलंबित अर्ज त्यांचे. चारशेच्या वर. हा आकडा घेऊन वर गेलो तर मला हाकलून देतील."

चारशेच्या वर, आणि बहुतेक सगळे एका बाईचे.

मी कडावला धावले. म्हटलं, "भाऊसाहेब, तेवढे निकाली काढा. तुमची नोकरी राहील, तुम्ही इथेच राहाल, वहिनी बाकावर राहतील. अजून काय पाहिजे?"

"चौकशी झाल्याशिवाय निकाली कसे काढू?"

"कसली चौकशी? माहेर राहिलंय का त्यांचं?"

माहेर राहिलं नव्हतंच. भावांनी जमीन विकून पाच-सहा वर्षं झाली होती, तिथे कुठल्याशा मुंबईवाल्याचं फार्महाऊस उभं होतं. भाऊसाहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी बाकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणूनच निकाली काढता येत नाही, बाई. नामंजूर लिहिलं तर तिच्या तोंडावर कसं सांगू? आणि मंजूर लिहिलं तर जाणार कुठे ती?"

हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी शेलूला, माझ्या किचनच्या ओट्यावर, मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या नावावरचे सगळे प्रलंबित अर्ज निवडले. वाड्यांवरच्या अर्जांची कामं बहुतेक झालेलीच होती, फक्त कॉम्प्युटरवर बंद करायची राहिलेली. ती केली. मग वहिनींचे. कॉम्प्युटर विचारतो, मंजूर का नामंजूर? तिसरा पर्याय नाही. नामंजूरवर बोट ठेवलं आणि माझा हात चालेना. त्या शांत बसलेल्या बाईला मी कॉम्प्युटरवरसुद्धा नाही म्हणू शकले नाही. मंजूर केलं. प्रलंबित शून्य. आपण किती शहाणे, असं वाटून मी स्वतःला चहा करून घेतला. साहेबांनी त्याच आठवड्यात प्रस्ताव पाठवला.

पहिली तारीख उजाडली आणि आम्ही खालापूरला जायला लागलो. वहिनींकडे बघायला शेजारच्या काकू येऊन बसायच्या. भाऊसाहेबांनी त्यांना बजावलं होतं, विचारलं तर सांगा, साहेब दौऱ्यावर गेलेत. ते सांगून आल्यावर दिवसभर हा माणूस अस्वस्थ. "बाई, खालापूरला येणं म्हणजे दौरा होतो का हो? नियमाप्रमाणे होत नाही." मी म्हटलं, होतो, होतो, गप्प काम करा. आठवडाभर वहिनी बाकावर बसून साहेबांची वाट बघत राहिल्या. जमेल असं वाटायला लागलं होतं. प्रस्तावाचं उत्तर येईपर्यंत रेटायचं होतं, बास.

दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. ऑफिसच्या वेळात घरचा फोन घ्यायचा नाही हा भाऊसाहेबांचा नियम, म्हणून मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये. दीड वाजता त्यांनी तो चालू केला आणि काकूंचे एकोणीस फोन दिसले. लावला. काकूंचा आवाज मला समोरच्या टेबलावर ऐकू येत होता.

"अवो भावजी, कवापासून लावतेय! वयनी गेल्या वो! पोस्टमननं कागद दिला, वाचला, न् उठल्या. माजं काम झालं म्हनाल्या. मी म्हैस सोडायला गेले तवर गाडीत बसल्या पन. कर्जतच्या गाडीत."

कागद? कसला कागद? जिल्ह्याच्या ऑफिसात नवी पद्धत सुरू झाली होती, अर्ज निकाली निघाले की एका अर्जदाराला एकच पत्र आपोआप छापून पोस्टाने जायचं. मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला हवं होतं.

भाऊसाहेब उठले. वहिनी कुठे गेल्या असतील ते त्यांना लगेच कळलं. पण हा माणूस दाराकडे जायच्या ऐवजी कपाटाकडे गेला, अर्ध्या दिवसाच्या रजेचा फॉर्म काढला आणि भरायला लागला. तारीख दोनदा खोडून पुन्हा लिहिली. मी ओरडले त्यांच्या अंगावर. "जळो तो फॉर्म! चला!" त्यांनी सही केली, साहेबांच्या टेबलावर ठेवला, मगच निघाले.

रिक्षाने चौकच्या बाजूला पोचायला अर्धा-पाऊण तास लागला. फार्महाऊसचं मोठं लोखंडी गेट होतं. गेटबाहेर, उन्हात, मातीत वहिनी बसलेल्या. ओठ सुकलेले. वॉचमन म्हणाला, "मावशी कवाच्या बसल्यात. पानी दिलं, घेत नायत. ऑर्डर दाखवतायत. म्हनतात, मला आत सोडा, माजं घर हाय. मी म्हनलं मावशी, हितं घर नाय, पोहायचा तलाव हाय."

भाऊसाहेब ऑफिसच्या कपड्यांत होते, म्हणून वहिनींनी ओळखलं. उठायला गेल्या, उठवेना. कागद पुढे केला. "बरं झालं साहेब, तुमी आलात. बघा, तुमी परवानगी दिली न् हा सोडत नाय. साहेब, माजं घर कुटं गेलं?"

"चौकशी करतो," भाऊसाहेब म्हणाले.

"आता कसली चौकशी? मंजूर झालंय की."

इतक्या वर्षांत प्रथमच मी त्या माणसाला टेबलामागे नसताना, उघड्यावर, कोणाच्या तरी अर्जापुढे उभं पाहिलं. ते खाली मातीत बसले. वहिनी गेटाच्या गजांतून आत बघत राहिल्या, हिरवळ, निळं पाणी, छत्र्या. मग रडायला लागल्या, लहान मुलीगत, तोंड उघडं टाकून.

परत येताना रिक्षात भाऊसाहेबांनी तो कागद घेऊन खालची बारीक अक्षरं वाचली. निकाली काढणाऱ्याचा कोड तिथे छापलेला असतो. "हा तुमचा कोड," ते म्हणाले. मी रडत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "चौकशी चालू आहे, एवढंच राहू द्यायचं होतं, बाई."

त्या दिवसानंतर वहिनी बाकावर बसल्या नाहीत. कशाला बसतील? अर्ज मंजूर झालेला माणूस कचेरीत कशाला थांबेल? आता फक्त घर सापडायचं राहिलं होतं, आणि ते शोधायला दिवसाला तीन-तीनदा घराबाहेर पळायला लागल्या. काकूंना आवरेना. शेवटी भाऊसाहेब बाहेरून कडी घालून कामाला यायला लागले.

महिन्याभराने प्रस्तावाचं उत्तर आलं. साहेबांनी मला बोलावून दाखवलं. 'सदर ठिकाणी एकही अर्ज प्रलंबित नसल्याचे दिसून येते. सबब केंद्राची आवश्यकता नाही.' मी ती ओळ उभ्या उभ्या वाचली. मी शून्य केलेला आकडा होता तो. तीन क्लार्कमधून एकाला ठेवायचं होतं, तर माझ्याकडे काम सगळ्यात जास्त तुंबलेलं, म्हणून मला ठेवलं. माझी नोकरी त्याच्यावर टिकली आहे, आजही. भाऊसाहेबांना मुदतीआधी निवृत्त केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी शिक्का, शाईचा पॅड, रजिस्टरं यादी करून जमा केली आणि माझ्याकडून पोच घेतली. निरोप समारंभ नको म्हणाले.

मी त्यानंतर एकदाच त्यांच्याकडे गेले. मनाशी ठरवून, घरीच एक पत्र टाइप करून नेलं होतं. 'आपला मंजूर अर्ज पुनर्चौकशीस घेण्यात येत आहे. तरी कार्यालयात थांबावे.' खोटं होतं, पूर्ण खोटं. पण आता हा माणूस दिवसभर घरीच असणार होता. वहिनी पुन्हा बाकावर बसल्या तर सगळं पूर्वीसारखं होईल, असं मला वाटत होतं. खांबावरच्या पाट्या काढलेल्या होत्या. भाऊसाहेब पडवीच्या पायरीवर बसले होते, दाढी वाढलेली. घराला बाहेरून कडी. आतून दार ठोकल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

त्यांनी पत्र वाचलं. "शिक्का नाही याच्यावर," म्हणाले.

"भाऊसाहेब, पाया पडते तुमच्या. एकदा. एकदा खोटं बोला."

मी पत्र घेऊन दारापाशी गेले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आतलं ठोकणं थांबलं. फार दिवसांनी थांबलं असावं, कारण भाऊसाहेब झटकन उठून उभे राहिले. दाराला अगदी लागून वहिनींचा आवाज आला.

"साहेब हायेत का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. हात जोडले. एक शब्द बोलायचा होता. हो म्हणायचं होतं.

"साहेब नाहीत," ते म्हणाले.

"कवा येतील?"

"आता येणार नाहीत."

मग आतून वहिनींनी विचारलं, "मंग तुमी कोन?"

ते दाराला कपाळ टेकून उभे राहिले.